मात्सुएचे मैदान आणि परदेशी गुरुजी

जपानचे नाव आपल्या घरांत पोहोचले ते संत गोन्सालो गार्सिया यांच्यामुळे. वसईत जन्मलेल्या या सुपुत्राला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ती टेकडी आणि ते सव्वीस क्रूस उभे राहतात. या चित्रापलीकडचे जपान, तिथली शेते, तिथल्या शाळा, शाळेच्या वाटेवर एकमेकांना ढकलीत जाणारी लेकरे, आपण फारशी मनात आणलेली नाहीत. आज आम्ही वाचकांना त्या देशातील एका मैदानावर नेणार आहोत. दिवस आहे १५ ऑक्टोबर १८९०. स्थळ आहे होन्शू बेटाच्या पश्चिम भागातील, सरोवराकाठी वसलेले मात्सुए हे शहर. तिथे त्या दिवशी जिल्ह्यातील सर्व शाळांचा वार्षिक खेळोत्सव होता, आणि तो पाहणारा डोळा एका परदेशी शिक्षकाचा होता. डोळा हे एकवचन आम्ही जाणूनबुजून वापरले आहे. त्याचे कारण लगेच येईल.

या शिक्षकाचे नाव लाफ्काडिओ हर्न. जन्म २७ जून १८५०, ग्रीसमधील लेफ्काडा बेटावर. वडील आयर्लंडचे, ब्रिटिश सैन्यात शल्यवैद्य, आई ग्रीक. दोघांचा संसार टिकला नाही. वडील पुढे आपल्या देशात सिकंदराबादला नोकरीस होते, आणि १८६६ साली परतीच्या प्रवासात बोटीवरच वारले. पोराला वाढवले ते डब्लिनच्या एका श्रीमंत, कट्टर कॅथलिक आजीने. वडिलांची ती मावशी. तिने त्याला १८६३ साली इंग्लंडमध्ये डरहॅमजवळच्या अशॉ येथील कॅथलिक विद्यालयात ठेवले. तिथे वयाच्या सोळाव्या वर्षी, शाळेच्या मैदानावर खेळत असताना, दोराच्या गाठीचा फटका बसून त्याचा डावा डोळा कायमचा गेला. उरलेल्या उजव्या डोळ्यालाही फार कमी दिसे. तो पुढे जन्मभर छायाचित्र काढताना मान वळवून डावी बाजू लपवीत असे. वर्षभरात आजीची संपत्ती बुडाली, शाळा सुटली, आणि एकोणिसाव्या वर्षी हा मुलगा अमेरिकेला जाऊन पडेल ते काम करू लागला. सिन्सिनाटी आणि न्यू ऑर्लिन्स येथे त्याने वृत्तपत्रांतून नाव मिळवले. या साऱ्या धामधुमीत त्याची श्रद्धाही सुटली. मिशनऱ्यांविषयी त्याच्या लेखनात जो कडवटपणा आढळतो तो कॅथलिक वाचकाला टोचल्याशिवाय राहत नाही. आम्हांलाही तो टोचला. परंतु तो झाकून ठेवून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही; आजच्या विषयाचा एक धागा त्यातच गुंतलेला आहे.

चाळिशीच्या उंबरठ्यावर, एप्रिल १८९० मध्ये हर्न योकोहामा बंदरात उतरले आणि ऑगस्टच्या अखेरीस मात्सुएला शिक्षक म्हणून रुजू झाले. महिना शंभर येन पगार. त्या गावात हा आकडा मोठाच होता. सरकारी माध्यमिक शाळेत आणि शिक्षक घडवणाऱ्या अध्यापन विद्यालयात इंग्रजी शिकवणे हे त्यांचे काम. जपानी भाषा येत नव्हती. निशिदा सेन्तारो नावाचे सहशिक्षक सावलीसारखे बरोबर राहत, दुभाष्याचे काम करीत आणि रीतिभाती समजावून देत. या दिवसांची नोंद हर्न यांनी 'ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलिअर जपान' या १८९४ साली निघालेल्या ग्रंथातील एका प्रकरणात केली आहे. इंग्रजीच्या शिक्षकाची रोजनिशी असे त्याचे स्वरूप आहे. आम्ही येथे जे सांगतो आहोत ते मुख्यतः त्याच आधारे.

अध्यापन विद्यालयाला जोडून एक प्राथमिक शाळा होती. निशिदा त्यांना ती दाखवायला घेऊन गेले. पहिल्या वर्गात चिमुकली मुले-मुली काळ्याकुट्ट कागदांवर वाकून बसली होती आणि कुंचल्याने तो कागद आणखी काळा करण्यात गढून गेली होती. प्रथम त्यांना काही उलगडेना. मग कळले की मुले अक्षरे गिरवीत आहेत. एक फराटा नीट जमल्याशिवाय दुसरा काढू देत नाहीत. कागद शाईने भरून गेला तरी तो टाकायचा नाही. वाळलेल्या काळ्यावर ओली शाई अधिक काळी दिसते, तेवढे शिकायला पुरते. पाटीवर अंगठ्याने पुसून पुन्हा गिरवणाऱ्या आपल्या पिढीला ही काटकसर वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. शेजारच्या वर्गात मुले कात्रीने कागदाची फुले कापीत होती. तिसऱ्या वर्गात गाणे चालले होते. शिक्षक फळ्यावर स्वर लिहीत आणि अकॉर्डियन वाजवून साथ देत. त्या गाण्यांपैकी दोन जपानी शब्दांची, पण स्कॉटलंडच्या चालींची होती. त्यांतली एक चाल 'ऑल्ड लँग साइन'ची निघाली, आणि जगाच्या त्या कोपऱ्यात, जिथली भाषाही त्यांना कळत नव्हती, हर्न यांना आपल्या लहानपणच्या आठवणी आल्या.

आता मैदानाकडे वळू. मात्सुएचा किल्ला १६११ सालचा. १८७१ साली जपानमधील सरंजामी संस्थाने खालसा झाली आणि त्यानंतर चार वर्षांनी किल्ल्यातील बहुतेक इमारती मोडीत काढण्यात आल्या. मधला उंच बुरूज मात्र गावातल्या काही मंडळींनी पदरचे पैसे घालून वाचवला. त्या किल्ल्याच्या दुसऱ्या तटाआतले विस्तीर्ण आवार म्हणजे निनोमारू. वीस वर्षांपूर्वी जिथे तलवार बाळगणाऱ्या सामुराईंचा वावर होता, तिथे आता शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची मुले धावणार होती. एका दिवसात वर्तुळाकार धावपट्टी आखली गेली, उड्यांसाठी अडथळे उभे राहिले, हजारो फळ्यांची बाके मांडली गेली आणि गव्हर्नरांसाठी पताका व हार लावून मंडप सजला.

पंचवीस मैलांच्या परिघातील गावांतून मुले आली होती. भाग घेणाऱ्यांची संख्या हर्न यांनी सहा हजारांच्या जवळपास दिली आहे. आईबाप, नातेवाईक आणि शिक्षक बाकांवर. शिवाय तटाच्या भिंतींवर गर्दी, ती शहराच्या एक तृतीयांश वस्तीएवढी असावी असा त्यांचा अंदाज. शाळेच्या खेळांच्या दिवशी कुंपणाला टेकून, डोक्यावर पदर घेऊन, आपले पोर कोणत्या रांगेत आहे ते शोधणाऱ्या आया आम्ही आपल्याकडे पुष्कळ पाहिल्या आहेत. तटावरच्या त्या गर्दीचे वर्णन वाचताना आम्हांला त्याच आठवल्या.

पिस्तुलाचा बार झाला की स्पर्धा सुरू, बार झाला की संपली. चार ठिकाणी चार खेळ एकाच वेळी चालत. तीन पायांची शर्यत होती. सरपटणे, चढणे, उडी मारणे अशी अडथळ्यांची शर्यत होती. लहान मुलींची एक शर्यत विशेष गमतीची: धावता धावता गवतावर विखुरलेल्या चेंडूंतून तीन वेगवेगळ्या रंगांचे तीन चेंडू उचलायचे. निळ्या घागऱ्यासारख्या हाकामा नावाच्या वस्त्रात पळणाऱ्या या मुलींना पाहून हर्न यांना फुलपाखरे आठवली. मोठ्या मुलांच्या लुटुपुटीच्या तलवारबाजीत प्रत्येकाच्या डाव्या हाताला मातीची बशी बांधलेली असे. ज्याची बशी फुटली तो हरला. रस्सीखेचीत एका बाजूस शंभर आणि दुसऱ्या बाजूस शंभर. हर्न यांच्याच वर्गातला एक मुलगा धावण्यात सुमारे चाळीस यार्डांनी पुढे राहून पहिला आला, आणि बक्षिसाची पुस्तके दोन्ही हातांत मावेनात असा तो उभा राहिलेला पाहून गुरुजींना जो आनंद झाला तो त्यांनी लपवलेला नाही. जिथे बक्षीस म्हणून पुस्तके देतात त्या गावाविषयी आमच्या मनात आदर आहे, हे जाता जाता सांगून टाकतो.

मग डंबेल्सची कवायत. सहा हजार मुले एका मैदानावर, सहा हजार हातांच्या जोड्या एकाच क्षणी वर आणि एकाच क्षणी खाली. लाकडी मनोऱ्यांवर उभे राहून कवायतीचे शिक्षक इशारा देत आणि सहा हजार कंठ जपानी आकडे एका सुरात मोजीत. दिवसभरात पाहिलेल्या सर्व गोष्टींत हीच हर्न यांना सर्वांत अद्भुत वाटली. सर्वांत शेवटी किल्ला घेण्याचा खेळ. बांबूच्या सांगाड्यावर कागद ताणून केलेले पंधरा फुटी दोन किल्ले, मैदानाच्या दोन टोकांना. आत भांड्यांत पेट घेणारा द्रव. दोन पक्षांची मुले लाकडी चेंडूंचा मारा करीत; भांडे लवंडले की किल्ला पेटे, आणि ज्याचा आधी पेटला तो पक्ष हरला. खऱ्या किल्ल्याच्या तटाआत मुले कागदी किल्ले जाळीत होती आणि वडीलधारी माणसे टाळ्या पिटीत होती.

सकाळी आठला सुरू झालेला उत्सव संध्याकाळी पाचला संपला. शेवटी दहा हजार कंठांतून राष्ट्रगीत उठले आणि मग सम्राट व सम्राज्ञी यांचा तीन वेळा जयजयकार. ही माणसे जयघोषही ओरडून करीत नाहीत, गातात, असे हर्न यांनी नोंदवले आहे.

ज्याचा डोळा शाळेच्या मैदानावर गेला, त्याला दुसऱ्या एका शाळेच्या मैदानावर, चोवीस वर्षांनी, असा निखळ आनंद मिळाला. त्याने स्वतः या दोन गोष्टींची सांगड कुठे घातली आहे असे आमच्या पाहण्यात नाही. पण ती घातल्यावाचून आम्हांला तरी हे पान वाचता येत नाही.

येथे थोडे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. हर्न यांना जुन्या जपानचे वेड होते. पाश्चात्त्य वारे लागून तो देश बिघडेल याची त्यांना धास्ती वाटे. आणि ज्या उत्सवाने ते इतके भारावून गेले, तो जवळजवळ सगळाच बाहेरून आलेला होता. परदेशी शिक्षकांनीच आणलेला. जपानमधील असा पहिला मेळावा १८७४ सालचा समजला जातो. तोक्योतील त्सुकिजी येथील नौदलाच्या विद्यालयात इंग्रज अधिकारी शिकवीत असत, त्यांनी तो भरवला. १८८३ साली तोक्यो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना मैदानी शर्यतींचा नाद लावला तो फ्रेडरिक विल्यम स्ट्रेंज या इंग्रज शिक्षकाने. डंबेल्सची कवायत शिकवायला १८७८ साली जॉर्ज लीलंड हा अमेरिकन डॉक्टर आला होता; त्याच्यासाठी सरकारने व्यायामशिक्षकांची वेगळी संस्थाच काढली. शाळांत परदेशी चालींवर जपानी गाणी बसवण्याच्या कामात ल्यूथर व्हायटिंग मेसन या अमेरिकन संगीतशिक्षकाचा मोठा हात होता. मात्सुएच्या वर्गात ऐकू आलेली ती स्कॉटिश चाल याच वाटेने तिथवर पोहोचली होती. यांतली बहुतेक मंडळी करार संपताच आपापल्या देशी परतली. त्यांनी शिकवलेले मात्र जपानी शिक्षकांनी उचलले, त्यात किल्ला घेण्यासारखी आपली भर घातली आणि बारा-पंधरा वर्षांत खेड्यापाड्यांच्या मुलांपर्यंत नेले. उन्दोकाई या नावाने ते जपानचेच होऊन गेले. उन्दो म्हणजे व्यायाम, काई म्हणजे मेळा. मात्सुएसारखे अनेक शाळांचे एकत्र मेळे त्या काळी ठिकठिकाणी भरत, कारण बहुतेक प्राथमिक शाळांना स्वतःचे मैदानच नव्हते. शिवाय अजून निम्मीच मुले शाळेत येत. मुलींचे प्रमाण तर त्याहून पुष्कळ कमी. भावाच्या मागोमाग बहीणही शाळेत जाते, आणि जाऊन पाहा ती कशी धावते, हे गावाला दाखवण्याचे काम तो उत्सव करीत होता.

परंतु या आनंदात एक दुसरा प्रवाहही मिसळलेला होता. १८८५ साली शिक्षणमंत्री झालेले मोरी आरिनोरी यांनी शाळांत लष्करी धर्तीची कवायत आणली. मुलांना शिस्त लागावी, आज्ञा पाळण्याची सवय व्हावी, हा त्यांचा हेतू उघड होता. १८८९ च्या फेब्रुवारीत त्यांचा खून झाला; त्यांची कवायत राहिली. मात्सुएच्या मैदानावर सहा हजार हात एकाच वेळी वर जात होते त्यामागे लीलंड यांचा व्यायाम होता आणि मोरी यांची शिस्तही होती. हर्न यांना त्या वेळी दिसला तो व्यायाम, आणि त्यातले सौंदर्य.

मेळा झाल्यावर पंधरा दिवसांनी, ३० ऑक्टोबर १८९० रोजी, सम्राट मेइजी यांच्या नावे शिक्षणविषयक राजाज्ञा निघाली. मातापित्यांचा आदर, भावंडांचा स्नेह, मित्रांशी सचोटी, आणि प्रसंग पडताच राज्यासाठी धैर्याने स्वतःस अर्पण करणे, असा तिचा आशय. त्यानंतर चारच दिवसांनी, ३ नोव्हेंबरला, सम्राटांचा वाढदिवस आला. माध्यमिक शाळेच्या सभागृहात रेशमी वस्त्राने झाकलेल्या मेजावर सम्राट व सम्राज्ञी यांच्या सोनेरी चौकटीतील तसबिरी ठेवल्या होत्या. गव्हर्नर पुढे आले, वाकले; तीन पावले पुढे गेले, पुन्हा वाकले; आणखी तीन पावले, आणि आणखी खाली वाकले; मग तसेच मागे सरत सहा पावले येऊन एकदा वाकले. त्यांच्यामागून शिक्षक सहा-सहांच्या गटाने गेले. त्यांत हर्नही होते.

यानंतरचा एक प्रसंग हर्न यांनी दिला आहे. एका विद्यार्थ्याने त्यांना येऊन सांगितले की तुम्ही तसबिरीपुढे वाकलेले मी पाहिले. तुम्ही आमच्या आधीच्या इंग्रजी शिक्षकांसारखे नाही. ते आधीचे शिक्षक ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, इंग्लंडच्या राणीचे प्रजाजन. त्यांनी मुलांना रानटी म्हटले होते. आपल्या देवाखेरीज कशालाही मान देणे अडाण्यांचे लक्षण, असे त्यांचे म्हणणे. हर्न यांना संताप आला. इंग्लंडच्या वकिलातीत शिरतानाही टोपी काढावी लागते, मग त्याचे काय, असा त्यांचा सवाल. त्यांनी त्या मुलाला उपदेश केला तो असा: सम्राटाचा मान राखणे, त्यांचे कायदे पाळणे आणि जपानसाठी ते मागतील तेव्हा प्राण देण्यास तयार असणे हे तुझे श्रेष्ठ सामाजिक कर्तव्य आहे, पूर्वजांच्या देवांचा आदर करणे हेही कर्तव्य, आणि असे असभ्य बोलणे कोणीही बोलो, त्याचा राग येणे हेही कर्तव्यच.

हा उतारा आम्ही अनेकदा वाचला आहे, आणि प्रत्येक वेळी मन दोन्हीकडे ओढले गेले आहे. लेकरांना रानटी म्हणणाऱ्या त्या उपदेशकाची बाजू घेणे आम्हांला शक्य नाही. ज्याला दुसऱ्याचे नमन समजून घ्यावेसेही वाटत नाही, त्याने वर्गात उभे राहूच नये. परंतु प्रेमाने बोलणाऱ्या, मुलांना जीव लावणाऱ्या गुरुजींनी पोराच्या हातात जे दिले तेही हलके नव्हते. कोवळ्या वयाचा एक मुलगा, आणि त्याचा आवडता शिक्षक त्याला सांगतो की प्राण मागितले तर दे. आदर किती आणि उपासना किती, राज्याचे किती आणि देवाचे किती, हा प्रश्न त्या मुलाच्या मनात उभा राहिला होता. उपदेशकाने तो शिवी देऊन मिटवला आणि हर्न यांनी जिव्हाळ्याने मिटवला. मुलाचे स्वतःचे उत्तर काय झाले असते ते कळायला कोणी वाव ठेवला नाही.

पुढे तो प्रश्न सबंध देशापुढे आला. ९ जानेवारी १८९१ रोजी तोक्योतील एका वरिष्ठ सरकारी विद्यालयात राजाज्ञेची प्रत सर्वांपुढे ठेवण्यात आली होती. उचिमुरा कान्झो या ख्रिस्ती शिक्षकाने तिच्यापुढे पुरेसे खोल नमन केले नाही, म्हणून एवढा गहजब झाला की त्यांची नोकरी गेली. त्याच वर्षाच्या जूनमध्ये प्राथमिक शाळांतील सणसमारंभ कसे साजरे करावेत याचे नियम निघाले: तसबिरीला वंदन, राजाज्ञेचे वाचन, उपदेश, राष्ट्रगीत. वाचन चालू असताना मुलांनी मान खाली घालून उभे राहायचे. कित्येक शाळांच्या आवारात तसबीर आणि राजाज्ञा ठेवण्यासाठी पुढे छोटी देवळासारखी कोठारे बांधली गेली. कॅथलिकांवरही हा प्रसंग आला. १९३२ साली तोक्योतील येशूसंघीयांच्या जोची विद्यापीठातील काही कॅथलिक विद्यार्थ्यांनी यासुकुनी देवस्थानापुढे वंदन करण्यास नकार दिला. लष्कराने तिथला आपला कवायतीचा अधिकारी काढून घेतला आणि विद्यापीठावर बालंट आले. अखेरीस २६ मे १९३६ रोजी रोमहून सूचना आली, की असे वंदन हे नागरिकाच्या निष्ठेचे व आदराचे चिन्ह मानले जात असल्याने कॅथलिकांना ते करण्यास मुभा आहे. त्या निर्णयावर अभ्यासकांचे वाद अजून चालतात. तो घेणाऱ्यांच्या मानेवर त्या वेळी काय ओझे होते, याचा विचार करूनच वाद घालावा असे आम्हांला वाटते.

१९४१ साली जपानच्या प्राथमिक शाळांचे नावही राष्ट्रीय प्रजाशाळा असे झाले, आणि मेळ्यांतून युद्धाचे खेळ घुसले. १९४५ साली सर्व कोसळले. १९ जून १९४८ रोजी जपानच्या संसदेने ती राजाज्ञा रद्दबातल असल्याचे जाहीर केले. तसबिरींची कोठारे पाडली गेली.

उन्दोकाई मात्र राहिली. ती कशी राहिली याचे आम्हांला नवल वाटत नाही, कारण त्या दिवशी तटावर चढून बसलेली गावकरी मंडळी हुकूम म्हणून आलेली नव्हती. लाल आणि पांढऱ्या टोप्या घालून दोन पक्ष, काठीवर उंच बांधलेल्या टोपलीत चेंडू फेकण्याचा खेळ, रस्सीखेच, आणि दुपारी चटईवर बसून आईने पहाटे उठून केलेला डबा. अनेक पिढ्यांच्या जपानी लोकांना आपली प्राथमिक शाळा आठवते ती अशी. १० ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो ऑलिंपिकचे उद्घाटन झाले, आणि १९६६ पासून त्या तारखेला राष्ट्रीय सुटी मिळू लागली. २००० पासून ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येते. ऊन फार असल्याने कित्येक शाळा आता हा उत्सव मे-जून महिन्यात उरकतात, आणि २०२० च्या महामारीनंतर बऱ्याच ठिकाणी तो अर्ध्या दिवसाचा झाला आहे. डबा घरीच खायचा. याची हळहळ वाटणारी माणसे तिथेही आहेत. मुलांच्या अंगावर मुले चढवून रचलेले मनोरे हाही या मेळ्याचा एक मोठा भाग झाला होता. अपघात वाढले, आणि २०१६ साली ओसाका शहराने आपल्या शाळांत ते बंद केले. दहीहंडीचे थर मोजणाऱ्या आपल्या महाराष्ट्राला हा वाद परका नाही.

१९८७ सालापासून जपान सरकार एका योजनेखाली परदेशी तरुणांना इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून बोलावते. त्यांतील अनेक जण प्राथमिक शाळांतही जातात. भाषा येत नसलेला नवखा शिक्षक शाळेच्या खेळांच्या दिवशी मैदानाच्या कडेला उभा असतो, कोणीतरी त्याला ओढून रस्सीखेचीत उभे करते, आणि संध्याकाळपर्यंत मुलांनी त्याला आपला करून टाकलेले असते. हर्न यांना कोणी दोर धरायला बोलावले होते की नाही, ते त्यांनी लिहिलेले नाही.

ते मात्सुएत सव्वा वर्षच राहिले. तिथेच त्यांनी कोइझुमी सेत्सु या सामुराई घराण्यातील मुलीशी संसार मांडला, आणि १८९६ साली जपानी नागरिकत्व घेऊन कोइझुमी याकुमो हे नाव धारण केले. २६ सप्टेंबर १९०४ रोजी ते तोक्योत वारले, तेव्हा जपान रशियाशी लढत होता, आणि मैदानावर डंबेल्स उचलणारी ती मुले ऐन लढण्याच्या वयाची झाली होती.

नोव्हेंबर १८९१ मध्ये हर्न मात्सुए सोडून कुमामोतोला निघाले. थंडी होती, आणि अध्यापन विद्यालयात पटकीची साथ शिरली होती. काही मुले दगावली होती. निरोपाच्या समारंभांवर तिची छाया पडली. तरी निघण्याच्या दिवशी सकाळीच विद्यार्थी त्यांच्या दाराशी आले आणि त्यांना बोटीच्या धक्क्यापर्यंत घेऊन गेले. माध्यमिक शाळेच्या मुलांनी वर्गणी काढून त्यांना एक जुनी तलवार भेट दिली होती. बोटीने काठ सोडला तशी मुलांनी टोप्या हलवल्या आणि एका सुरात आरोळी दिली, मान्झाई, मान्झाई. दहा हजार वर्षे जगा, असा तिचा अर्थ.